बहात्तर खात्यांचे देऊळ

ज्यांनी चीन देश पाहिलेला नाही आणि ज्यांना तो पाहण्यास नजीकच्या काळात सवड होण्याचा संभव नाही, अशा वाचकांच्या माहितीस्तव हा वृत्तान्त मी स्वहस्ते लिहीत आहे. प्रारंभीच नमूद करतो की मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु साकोलीच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली मी एकोणीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसलो, आणि जे देऊळ मी पाहिले ते पाहण्यास प्राध्यापकापेक्षा अर्जनवीसच अधिक लायक होता, हे वाचकांना पुढे आपोआप पटेल.

पत्नी सौ. सुलभा हिला इंग्लंडमधील इस्पितळात नर्सची नोकरी लागली, म्हणून आम्ही कॉव्हेंट्रीस आलो. येथेही लोक मला हुडकत येतात. कुणाला कौन्सिलला पत्र हवे असते, कुणाला मुलाच्या शाळेला. मी मोबदला घेत नाही. मात्र दोन नियम सोडत नाही. प्रत्येक अर्जाची प्रत आपल्यापाशी राहिली पाहिजे, आणि प्रत्येक अर्जाची पोच मिळाली पाहिजे. प्रत आणि पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर बोललेला शब्द, असे मी तिकडेही सांगत असे आणि इकडेही सांगतो.

आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून लिनबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, पती निवर्तलेले, मूलबाळ नाही. पूर्वी त्यांचे चिनी खाण्याचे लहानसे दुकान होते. आता मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीनदा त्यांना इस्पितळात मशीनला लावतात. उरलेले दिवस त्या पुढल्या खिडकीपाशी बसलेल्या असतात. मी कचऱ्याची बिन बाहेर ठेवण्यास निघालो की हात हलवतात.

या लिनबाईंची धाकटी बहीण गुइलान उत्तर चीनमध्ये शान्शी प्रांतात राहते. दोघींची भेट होऊन अकरा वर्षे झाली होती. लिनबाईंना विमानाचा प्रवास शक्य नाही, म्हणून बहिणीने इकडे यावे असे ठरले आणि आमंत्रणाचे पत्र लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी विचारले, काय लिहू? त्या तासभर बोलल्या, बोलता बोलता रडल्या, आणि मी घरी येऊन इंग्रजीत दोन पाने टंकलिखित केली. असे पत्र माझ्या हातून पूर्वी कधी उतरले नव्हते. लिनबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी विश्वासाने सही केली. व्हिसाचा अर्ज नामंजूर झाला. अधिकाऱ्याला काळीज नसते, असे मी त्यांना समजावले.

वर्षभराने, गेल्या शरद ऋतूत, डॉक्टरांनी लिनबाईंना स्पष्ट सांगितले की ज्यांना भेटायचे असेल त्यांना लवकर बोलावून घ्या. त्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या. बहिणीच्या गावात फार जुने ताओ पंथाचे देऊळ आहे, तेथे माणसाच्या नावाने अर्ज देतात, तुम्ही अर्जातले जाणकार आहात, तुम्ही जाऊन माझ्या नावाने द्या आणि बहिणीचे कागदही नव्याने करून द्या, अशी त्यांची विनंती. मी विचारात पडलो. सुलभा मात्र इस्त्री करता करता म्हणाली, “अहो, तुमचं पत्र नापास झालं. आता स्वतः तरी जा. माझी रजा पडून आहे, मीही येते.”

मी त्या नामंजूर पत्राची प्रत, मागे नामंजुरीचे पत्र जोडलेले होते तशीच, प्लास्टिकच्या फायलीत घातली. चांगल्या लिखाणाचा नमुना जवळ असावा, एवढाच हेतू होता.

गुइलानच्या अंगणात

विमान, दोन आगगाड्या आणि एक बस यांचे वर्णन करून वाचकांना शिणवत नाही. बसच्या खिडकीतून जे दिसले ते मात्र सांगितलेच पाहिजे. पिवळ्या मातीचे डोंगर, आणि डोंगराला पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पाडून केलेली शेते. मातीच्या कड्यात खोदलेली घरे, त्यांना कमानदार दारे, दारांवर लाल कागद. प्रत्येक घरापुढे एक झाड, त्यावर पान म्हणून नाही, नुसती नारिंगी फळे लटकलेली. ती पर्सिमॉनची फळे. मी एक खाल्ले आणि मला आमच्या जंगलातल्या टेंभरांची, म्हणजे तेंदूच्या फळांची, चव आठवली. नंतर कळले की दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. एवढा समुद्र ओलांडून, पुन्हा एवढी जमीन ओलांडून टेंभरांचे भाऊबंद भेटावेत, या आनंदाने मी आणखी चार खाल्ली.

गुइलान बस थांब्यावर आली होती. वय अडुसष्ट, उंची सुलभाच्या खांद्याला लागेल इतकी, चाल मात्र अशी की आम्ही दोघे मागे राहिलो. सोबत झाओबाई होत्या, गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, गुइलानच्या शेजारीण. पुढील चार दिवस आम्ही जे बोललो ते सर्व या बाईंच्या तोंडून इकडचे तिकडे गेले. इंग्रजीत माझे कोठे अडले तर सुलभा सावरून घेत असे.

जेवणात राळ्याची पेज आली. राळे. माझ्या आजीनंतर मी ते पाहिले नव्हते. पाठोपाठ नूडल्स, त्या करण्याची रीत अशी की कणकेचा गोळा एका हातावर धरून दुसऱ्या हातातील पत्र्याच्या सुरीने गुइलान त्याची सोलपटे काढत होती आणि ती उडून थेट उकळत्या पाण्यात पडत होती. एकही बाहेर पडले नाही. ताटाशेजारी एका लहान वाटीत काळा चहा ठेवला होता. प्रवासाने घसा सुकला होता, म्हणून मी तो एका घोटात प्यालो. तो चहा नव्हता. तो त्या प्रांताचा प्रसिद्ध व्हिनेगर होता आणि नूडल्सवर थेंब थेंब घ्यावयाचा होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. गुइलान उठून माझ्या पाठीवर थापट्या मारू लागली आणि काहीतरी म्हणाली. झाओबाईंनी भाषांतर करण्याचे टाळले. सुलभाने आग्रह धरला तेव्हा म्हणाल्या, “आमच्या गावचे जावईसुद्धा पहिल्या दिवशी इतके पीत नाहीत, असं म्हणते.”

देवळात

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. आमच्या घरी देव्हारा नाही. बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यापुढे आम्ही काही मागत नाही. म्हणून मी तेथे भक्त या नात्याने नव्हे, तर एका कचेरीचा माणूस दुसऱ्या कचेरीत जातो त्या नात्याने गेलो, हे नोंदवून ठेवतो.

देऊळ टेकडीवर आहे. निळ्या-हिरव्या कौलांची छपरे, कोपऱ्यांना वर वळलेली. आवारात सुरूसारखी उंच झाडे, त्यांची खोडे पिळलेल्या धोतरासारखी. दगडी कासवांच्या पाठीवर माणसापेक्षा उंच शिलालेख उभे केलेले. दरवाजाचा उंबरा गुडघ्याएवढा. मी त्यावर पाय देऊन चढलो, तशी झाडणारी एक म्हातारी धावत आली आणि माझ्यावर ओरडली. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. मी मनातून खजील झालो, कारण हेच माझ्या आईने मला शंभरदा सांगितले होते.

आत पूर्वेच्या पर्वताचा देव आहे. परंतु वाचकहो, खरी गोष्ट देवाची नाही. देवासमोरच्या चौकाला तीन बाजूंनी ओवऱ्या आहेत आणि त्या ओवऱ्यांत ओळीने बहात्तर खोल्या आहेत. प्रत्येक खोली म्हणजे एक सरकारी खाते. प्रत्येकीत मातीचा, रंगवलेला, माणसाएवढा अधिकारी मेजामागे बसलेला. उजव्या हाताला ब्रश घेतलेला कारकून, डाव्या हाताला शिपाई, आणि पुढ्यात आलेली माणसे. दारावर खात्याच्या नावाची पाटी. पावसाचे खाते. पाखरांचे खाते. बेवारस मृतांचे खाते. लाचखाऊ अधिकाऱ्यांची चौकशी करणारे खाते. आणि एकविसाव्या खोलीवरील पाटी झाओबाईंनी वाचली तेव्हा मी अक्षरशः स्तंभित झालो. सह्या व शिक्के यांचे खाते.

मी त्या दारात किती वेळ उभा होतो ते मला ठाऊक नाही. आत मातीचा कारकून मान तिरकी करून कागद तपासत होता. समोर एक मातीचा खेडूत दोन्ही हातांत अर्ज धरून, कंबरेत वाकून उभा. त्या खेडुताच्या चेहऱ्यावरचा भाव मी साकोलीला एकोणीस वर्षे रोज पाहिला आहे. शेकडो वर्षांपूर्वी कुणा कुंभाराने तो नेमका पकडून ठेवला होता.

“सुलभा,” मी म्हणालो, “हे माझं देऊळ आहे.”

“दिसतेच जी,” ती म्हणाली. “फक्त तुमची खुर्ची तेवढी ठेवलेली नाही.”

गुइलान तोवर पुढे गेली होती. अनाथांच्या खात्यात ती स्टुलावर चढून तेथील अधिकाऱ्याचे नाक फडक्याने पुसत होती. चौकशी करता कळले की या ओळीतील तीन अधिकाऱ्यांचे झगे तिच्याकडे आहेत. दर वर्षी वसंतात देवाचा जन्मदिवस येतो, त्याआधी जुने झगे उतरवून नवे शिवून घालायचे असतात. गावातल्या बायकांनी खोल्या वाटून घेतल्या आहेत. गुइलानकडे हे काम सासूकडून आले. याशिवाय तिची पर्सिमॉनची चौदा झाडे आहेत, मानलेली मुलगी आणि दोन नाती गल्लीच्या टोकाला राहतात, आणि जत्रेत बायकांचा ढोलताशा असतो त्यात ही झांज वाजवते. हे सर्व सांगताना ती नाक पुसतच होती.

मला तेव्हाच काहीतरी टोचले. पण त्या उत्साहात मी तिकडे लक्ष दिले नाही.

अर्ज लिहिणारे पुजारी मागच्या चौकात बसतात. वृद्ध, किडकिडीत, केसांची गाठ डोक्यावर बांधलेली, अंगात गडद निळा झगा. मेजावर पिवळे कागद. त्यांवर मजकूर छापलेला, मधे मधे रिकाम्या जागा. म्हणजे छापील नमुना. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी झाओबाईंमार्फत विचारले: अर्जदाराचे नाव. जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर. राहण्याचे ठिकाण. मी लिनबाईंचा पत्ता सांगितला, कॉव्हेंट्री शहर, रस्त्याचे नाव, घर क्रमांक आणि पोस्टकोडसुद्धा. त्यांनी तो उच्चारानुसार चिनी अक्षरांत ब्रशने उतरवून घेतला, दोनदा मोठ्याने वाचला, आणि खात्री करून घेण्यासाठी मला मान डोलवायला लावली.

नंतर मागणे काय, असे त्यांनी विचारले. माझी वेळ आली होती. मी उभा राहिलो आणि इंग्रजीत सुरुवात केली: हे दयासागरा, ही एक असहाय, अश्रूंनी भिजलेली, नियतीने गांजलेली वृद्धा... झाओबाई दोन वाक्ये भाषांतर करून थांबल्या, कारण पुजाऱ्यांनी ब्रश खाली ठेवला होता.

ते जे बोलले ते झाओबाईंनी हळूच सांगितले. “रडणं इथेच खाली ठेवा, म्हणतात. वर फक्त नाव, ठिकाण आणि काम जातं. नाव किंवा ठिकाण चुकलं तर कृपा दुसऱ्याच घरी जाऊन पडते.”

त्यांनी एका ओळीत लिहिले: बहिणीची भेट व्हावी. लाल शिक्का मारला.

माझा थोडा अपमान झाला, हे लपवत नाही. एका पेशातील माणसाने दुसऱ्याच्या लेखणीची कदर करावी अशी माझी अपेक्षा होती. म्हणून मी फाइल उघडली, लिनबाईंचे ते दोन पानी पत्र बाहेर काढले आणि झाओबाईंना म्हणालो की हे आपण पुजाऱ्यांना आणि आपल्यामागून आलेल्या गुइलानला वाचून दाखवा, म्हणजे मी काय लिहू शकतो ते यांना समजेल.

झाओबाई पायरीवर बसून एकेक वाक्य चिनीत सांगू लागल्या. पत्रात असे होते: माझी भगिनी गुइलान हिला या जगात कोणीही नाही. तिच्याशी बोलणारे कोणी नाही. ती दिवसभर खिडकीपाशी बसून रस्त्याकडे पाहते. एकदा मला भेटल्यावर मला सोडून परत जाणे तिला या जन्मी शक्य होणार नाही.

गुइलान फडके हातात धरून ऐकत होती. पान संपल्यावर तिने झाओबाईंना एकच प्रश्न विचारला. “ही बिचारी कोण?”

झाओबाईंनी तिच्याकडे बोट दाखवले. गुइलान प्रथम हसली, मग हसायची थांबली. तिचे म्हणणे झाओबाईंनी खालच्या आवाजात सांगितले: मला कोणी नाही? माझ्या नाती काय झाडाला लागल्या? आणि मी परत आले नाही तर त्या तिघांना झगे कोण घालणार, हा पाहुणा?

मी म्हणालो की हा लिहिण्याचा प्रघात असतो, अधिकाऱ्याचे मन द्रवावे लागते. तेवढ्यात सुलभाने फायलीतून नामंजुरीचे पत्र काढले. ते मी तिच्या हाती कधी दिले नव्हते. तिने ते उभ्यानेच वाचले. भेटीची मुदत संपल्यावर ही बाई मायदेशी परत जाईल याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटलेली नाही, इतकेच त्यात होते.

“अहो,” ती मराठीत म्हणाली, जेणेकरून इतरांना कळू नये, “ती परत जाणार नाही असं तुम्हीच लिहून दिलंत. या जन्मी जाणार नाही म्हणून. काहून लिवलं असं?”

 मधल्या दारातून सह्या व शिक्के यांचे खाते दिसत होते आणि तो मातीचा कारकून मान तिरकी करून माझ्याकडेच पाहत आहे असे वाटले. एकोणीस वर्षांत माझ्या अर्जांनी लोकांना रडवले आहे. परंतु एका अर्जाने एका माणसाचे वर्ष खाल्ले, आणि ते वर्ष लिनबाईंपाशी फारसे शिल्लक नव्हते.

पुजाऱ्यांनी पिवळ्या कागदाची घडी करून लिफाफ्यात घातली आणि त्यावर कागदाचा एक लहानसा घोडा ठेवला, पाठीवर स्वार असलेला. तो डाकवाला. चौकातील लोखंडी भट्टीत दोन्ही टाकले. कागद पेटलेला पाहून मी सवयीने पुढे झालो आणि बोललोच: प्रत? पोच? मूळ अर्ज जाळता आणि प्रत ठेवत नाही?

पुजारी प्रथमच हसले. त्यांनी धुराकडे बोट केले. त्या दिवशी वारा नव्हता. धूर सरळ वर गेला.

त्याच दुपारी गुइलानच्या अंगणात, वाळत घातलेल्या पर्सिमॉनच्या माळांखाली, मी लिनबाईंच्या वतीने नवे आमंत्रण लिहिले. प्रत्येक वाक्यानंतर माझा हात विशेषणाकडे जाई आणि सुलभा खाकरे. अखेर ते नऊ ओळींचे झाले. बहीण सहा आठवड्यांसाठी येईल. माझ्या घरी राहील. तिची मुलगी, नाती व चौदा झाडे गावी आहेत. देवाच्या जन्मदिवसाआधी तीन मूर्तींचे झगे शिवणे हे तिचे काम आहे, म्हणून तिला वसंतापूर्वी परतणे आवश्यक आहे. झगे आणि झाडांचे फोटो झाओबाईंनी काढून जोडले. गुइलानने भाषांतर ऐकले, मान हलवली आणि म्हणाली, “हं. हिला मी ओळखते.”

पुन्हा कॉव्हेंट्री

परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी लिनबाईंकडे गेलो. वाळवलेली फळे दिली, नव्या पत्रावर सही घेतली. तेथेच उठता आले असते. त्यांना काहीच कळले नसते. परंतु ते जुने पत्र माझ्या खिशात होते. मी ते मेजावर ठेवले आणि सांगितले की अर्ज अधिकाऱ्याने बुडवला नाही, मी बुडवला. तुमची बहीण परत जाणार नाही असे माझ्याच हाताने लिहिले गेले.

त्यांनी दोन्ही पाने मेजावर सरळ केली. मग त्यांनी मला ते पत्र सावकाश, सोप्या शब्दांत सांगायला लावले. मी सांगितले. कोणीही नाही. बोलणारे कोणी नाही. दिवसभर खिडकीपाशी. सांगता सांगता माझा आवाज खाली गेला, कारण मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती त्याच खिडकीपाशी होती आणि बाहेर माझी बिन दिसत होती.

लिनबाईंनी कागदावर, जेथे बहिणीचे नाव होते तेथे, बोट ठेवले.

“हे तिचं नाही,” त्या म्हणाल्या. “हे माझं आहे. मी माझं सांगितलं होतं. तुम्ही नाव तिचं घातलं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चूक दाखवावी तशी त्यांनी ती दाखवली. मी खिशातून पेन काढले, बहिणीचे नाव खोडले, वर त्यांचे नाव लिहिले आणि दुरुस्तीपाशी आद्याक्षरांची सही केली, जशी करावी लागते तशी.

नवा अर्ज मंजूर झाला आणि गुइलान फेब्रुवारीच्या सुरुवातीला आली. सध्या ती येथेच आहे. भिंतीपलीकडून सकाळपासून दोघींचे भांडण ऐकू येते, आणि मध्येच इतक्या मोठ्याने हसणे की सुलभा रात्रपाळीहून येऊन झोपली असली तरी जागी होते आणि तक्रार करीत नाही. खिडकीपाशी आता दुपारी कोणी नसते. तेथे तीन झगे अर्धवट शिवलेले टांगले आहेत.

गेल्या रविवारी त्या दोघींनी आम्हाला मागच्या बागेत बोलावले. गुइलानने सामानातून कागदाचा घोडा आणला होता. लिनबाईंनी ते दोन पानी पत्र, दुरुस्त केलेल्या नावासह, घडी करून बार्बेक्यूच्या जाळीवर ठेवले आणि घोडा वर ठेवला. मी पत्ता तपासून घेतला: नाव बरोबर, घर क्रमांक बरोबर, पोस्टकोड बरोबर. मग लिनबाईंनी काडी ओढली.

वारा होता. धूर प्रथम आमच्या कुंपणाकडे गेला, मग शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे, आणि शेवटी कोठे गेला ते कळले नाही. सुलभाने माझ्याकडे पाहिले. मी पोच मागितली नाही. आणि त्या पत्राची प्रत माझ्या फायलीत नाही.